टिपणातला झरा

पत्नीचे कपडे घरी आले ते एका कापडी पिशवीतून. निळा कुर्ता, करडी सलवार, पांढरी टोपी, मोजे. सलवारीला खालपासून गुडघ्यापर्यंत कुसळं टोचलेली होती. मी खुर्चीत बसून ती एकेक करून उपटली. त्यात दोन दिवस गेले, कारण दुसरं काही काम नव्हतं आणि हे काम संपू नये असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी, कागदावर जमलेली कुसळांची लहानशी रास पाहताना लक्षात आलं, की रुळलेल्या वाटेने चालणाऱ्या माणसाला इतकी कुसळं लागत नाहीत. उंच गवतात शिरलेल्या माणसाला लागतात.

मला सांगितलं गेलं होतं, की ती वाटेवरच बसली. चढताना थकल्यासारखं झालं, बसली, पाणी प्यायली आणि मान टाकली. सगळे जवळ होते. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं; घरी असत्या तरी हेच झालं असतं. हे सगळं मला निरनिराळ्या माणसांनी जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं. फक्त एकाने मोहाच्या झाडाखाली म्हटलं, दुसऱ्याने सपाट खडकावर, आणि तिसरी म्हणाली, वळणावर, सागाच्या सावलीत. पंचनाम्याची प्रत मागायला मी गेलो नाही. नोकरीभर कागदच सांभाळले, पण हा कागद हातात घ्यायचा धीर झाला नाही. मला ती जागा डोळ्यांनी पाहायची होती. ती वाटेवर होती की वाट सोडून खाली उतरली होती, एवढंच मला समजायला हवं होतं. कारण वाट सोडून उतरली असेल, तर तिला तिथे मी पाठवलं होतं.

ते कसं, ते सांगायला हवं.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. ती शाळेत गणित शिकवायची. मी बसणारा माणूस, ती चालणारी. दर हिवाळ्यात अमरावती, परतवाडा आणि अकोला इथली वीसेक माणसं मिळून सातपुड्यात दोन दिवसांची पायपीट करतात, तिच्यात ती नेमाने जायची. पायथ्याच्या संत्र्यांच्या बागांपासून निघून, डोंगराला वळसा घालत, गाविलगडाच्या मागच्या अंगाने वर. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेने अवजड तोफा याच बाजूने ओढत नेल्या. म्हणून ही मंडळी या मार्गाला तोफांची वाट म्हणतात. चढ इतके उभे आहेत, की रिकाम्या हाताने चढणाऱ्यालाही तोफा ओढणाऱ्यांची आठवण येते, असं ती घरी येऊन सांगायची.

मी कधी गेलो नाही. मी घरी बसून टिपणं लिहायचो. पाच थांबे, पाच टिपणं; अर्ध्या अर्ध्या पानाची. ती प्रत्येक थांब्यावर उभी राहून वाचायची. जुनी पुस्तकं चाळून, नकाशे जुळवून लिहिलेल्या त्या टिपणांचा मला अभिमान होता. तिची तक्रार एकच होती.

"किती हो तुमचे बहुधा!" दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली. "बहुधा इथून गेले, असं म्हणतात, असा अंदाज आहे. लोक घामाघूम उभे असतात. त्यांना अंदाज काय सांगू? आहे की नाही, एवढं लिहा."

मला ते पटलं. त्या वर्षी मी सगळे बहुधा काढून टाकले. तिसऱ्या टिपणात लिहिलं: 'या चढाच्या माथ्याआधी, डाव्या हाताला थोडं खाली उतरल्यावर झरा आहे. तोफा ओढणाऱ्या बैलांना तिथे पाणी पाजत.' मूळ इंग्रजी पुस्तकात, लिहिणाऱ्याने हे गावकऱ्यांकडून ऐकलं, स्वतः पाहिलं नाही, असं स्पष्ट होतं. तेवढं मी गाळलं. वाक्य सुटसुटीत झालं. तिने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "आता कसं!"

ते टिपण घेऊन ती गेली आणि परत आली नाही.

नऊ महिन्यांनी मी गटाच्या ताईंना फोन केला. ताई अमरावतीला कॉलेजात खेळ शिकवतात. या पायपिटीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. या वर्षी मी यायचं म्हणतो, असं सांगितलं.

"सर, झेपेल का तुम्हाला?"

"प्रयत्न करतो."

"नाही म्हणजे, तुम्ही नुसते गाडीने चिखलदऱ्यापर्यंत या ना. शेवटच्या दिवशी आपण सगळे गडावर भेटू."

मी म्हणालो, मला चालूनच यायचं आहे. मग तीन महिने मोर्णा नदीच्या काठाने सकाळी चाललो. मोर्णेचा काठ सपाट आहे. त्याचा पुढे काही उपयोग झाला नाही.

निघायच्या सकाळी पायथ्याच्या गावात आम्ही गोल उभे राहिलो. शेतात तुरी पिवळ्या झाल्या होत्या, कपाशीची दुसरी वेचणी चालू होती. ताईंनी प्रत्येकाला गळ्यात घालायची शिट्टी दिली आणि नियम सांगितले. एक शिट्टी म्हणजे मी ठीक आहे. तीन म्हणजे मदत हवी. आणि सगळ्यांच्या शेवटी काका चालतील, त्यांच्या मागे कोणीही राहायचं नाही.

काका परतवाड्याचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. गट सुरू झाल्यापासून शेवटी चालण्याचं काम त्यांचं. त्यांनी माझी पिशवी उचलून पाहिली.

"सर, हे बॅग हाये का लायब्ररी?"

"दोनच पुस्तकं आहेत."

"मंग दुसरं काहून आनलं? पयलं वाचून व्हाचं हाये ना?"

सगळे हसले. मीही हसलो. त्यांनी दोन्ही पुस्तकं काढून स्वतःच्या पिशवीत टाकली आणि मला पाण्याची एक जास्तीची बाटली दिली.

तेवढ्यात वन विभागाकडून वाटाड्या आला. पन्नाशीचा, अंगाने काटक, डोक्याला मफलर. त्याला पाहताच ताईंचा चेहरा उतरला. त्या त्याला जरा बाजूला घेऊन गेल्या. "तुमची पाळी नव्हती ना आज?" एवढं ऐकू आलं. ज्याची पाळी होती त्याच्या घरी लग्न होतं, म्हणून हा आला होता. मग त्या काकांशी हळू आवाजात बोलल्या. काकांनी मान हलवली. मी हे पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

पहिल्या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पहिल्याच चढावर माझा श्वास छातीत मावेनासा झाला. वाट दगडांची, मुरमाची. पाऊल टाकलं की खालून दगड निसटायचे. उताराला वाटायचं, चढ बरा होता. दुपारपर्यंत डाव्या टाचेला फोड आला आणि सायंकाळी आश्रमशाळेत पोचेपर्यंत तो फुटला. सत्तरीच्या एक बाई, मोर्शीच्या, मला तीनदा ओलांडून गेल्या आणि तीनदा माझ्यासाठी थांबल्या. "या भाऊ, माह्या मागं मागं या. वर पाहू नका. वर पाहिलं का मानूस थकते." मी त्यांच्या पायांकडे पाहत चाललो. माझ्या मागे काकांच्या काठीचा आवाज सतत येत होता. मी थांबलो की तो थांबायचा.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. प्रत्येक थांब्यावर पाणी पिऊन झालं, की लोक सवयीने गोल करून उभे राहायचे आणि गप्प व्हायचे. कोणीतरी आता काही वाचेल, अशी वाट पाहिल्यासारखे. मग त्यांच्याच लक्षात यायचं आणि कोणीतरी पिशवीचा पट्टा ओढत पुढे निघायचं. मी टिपणं आणली नव्हती. कोणी मागितलीही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा चढ सुरू झाला. हाच तो चढ, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मीच त्याचं वर्णन लिहिलं होतं. बाकीचे पुढे गेले. मी आणि काका मागे राहिलो. एका वळणावर काका थांबले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"इथं, सर."

वाटेच्या कडेला गुडघ्याएवढा सपाट खडक होता.

"या दगडावर?"

"हाव."

मी त्याच्यावर बसलो. वर्षभर ज्या जागेसाठी जीव टांगणीला लागला होता, तिच्यावर बसल्यावर काहीतरी होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. आजूबाजूला उघडा मुरूम होता. गवताचं पातं नव्हतं. मी पायांशी पाहिलं, मग काकांकडे.

"मोहाचं झाड कुठं आहे, काका?"

काका इकडे तिकडे पाहू लागले. तेवढ्यात, आम्हाला उशीर का होतो ते पाहायला वाटाड्या वरून परत खाली आला. तो समोर उकिडवा बसला.

"मोहा? मोहा खाली हाये, नाल्यापाशी." मग त्याने काकांना विचारलं, "थ्या बाईची जागा दाखवून राहिले का यायले? थे इथं कुठं, काका? थे तं खाली ना."

"तू चूप बस ना रे बाप्पा," काका म्हणाले.

"कोणती बाई?" मी विचारलं.

"गेल्या सालची. मास्तरीन होती म्हनते. पाणी पाहाले उतरली खाली. कोनं सांगतलं होतं तिले, कोन जाने! माहा जनम गेला या डोंगरात. इथं पावसाळ्यात बी पाणी थांबत नाई. आलं का वाहून जाते."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मी सांगितलं होतं." त्याला ते कळलं नाही. तो काकांकडे पाहत राहिला.

"सर हायेत थे," काका म्हणाले. "त्यायची मिसेस होती."

वाटाड्याने मफलर सोडला, परत गुंडाळला. मग उठून म्हणाला, "चला. दाखवतो."

डाव्या हाताला आम्ही उतरलो. गवत कंबरेएवढं, वाळून पिवळं झालेलं. दहा पावलांत माझ्या पँटला कुसळं लागली. मी एकदा थांबून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे गेलो. माझ्या टिपणात 'थोडं खाली' असं होतं. ते थोडं नव्हतं. मला उतरायला वीस मिनिटं लागली आणि दोनदा काकांनी दंडाला धरलं. खाली कोरडा नाला होता. पांढरे गोटे, सागाची मोठी वाळलेली पानं. काठावर मोहाचं झाड होतं. ओल कुठेच नव्हती. मी वाकून पानांखालची माती बोटांनी उकरून पाहिली. का पाहिली, ते सांगता येत नाही. माती भुकटीसारखी होती.

"अशी टेकून बसली होती," वाटाड्या खोडापाशी जाऊन म्हणाला. "टोपी मांडीवर. तोंड वर, वाटेकडं."

काका नाल्याच्या काठावर बसले. मग त्यांनी सांगितलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"पुढं एका पोरीच्या पायात गोळा आला होता. ओरडून राहिली होती. मॅडम मले म्हने, काका, तुमी जा तिच्यापाशी, मी एवढा झरा पाहून येतो. आमचे साहेब वर्षभर वाचून लिहितात, निदान एकदा पाहून त्यायले सांगतो तं खरं. मी म्हटलं, मॅडम, माह्या मागं कोनी राहाचं नाही. तं हासल्या. म्हने, लिहिलंय इथंच हाये. मी गेलो. पोरीचा पाय चोळून देल्ला. मंग खालून शिट्टी आली. एक. एक म्हंजे ठीक. मले वाटलं, झरा सापडला, म्हनून वाजवली. मी आनखी थांबलो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मंग हाका मारल्या."

मी मोहाच्या खोडापाशी बसलो. वर पाहिलं. तिथून वाट दिसत नाही. गवत दिसतं आणि त्यावर आभाळ.

ती एकच शिट्टी तिने कशासाठी वाजवली असेल, याचा मी तिथे बसून विचार केला, आणि तेव्हापासून रोज करतो. पाणी नसलं तरी मी ठीक आहे, एवढं काकांना कळवायला वाजवली असेल. किंवा तीन वाजवायच्या होत्या आणि श्वास एकीपुरताच उरला असेल. गणिताची बाई, नियम विसरणारी नव्हती. यातलं कोणतं खरं, हे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. मी हयातभर लोकांना सांगत आलो, की नीट शोधलं की संदर्भ मिळतो.

काका म्हणाले, "सर, मले काही तरी बोला. शिव्या द्या."

मला शिव्या येत नाहीत. त्यांचा दोष नाही असं म्हणायचं होतं. पण ते म्हणताना कोणाचा आहे तेही म्हणावं लागलं असतं, आणि ते ऐकून त्यांनी मला समजावलं असतं. ते मला नको होतं. मी म्हणालो, "चला, वर सगळे थांबले असतील."

वर चढणं मला जमेना. चार पावलं टाकली की थांबायचो. एकदा मी खरोखरच गवतात बसलो आणि म्हणालो, मी इथेच थांबतो, तुम्ही जा. वाटाड्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याने स्वतःची काठी माझ्या हातात एका टोकाने दिली, दुसरं टोक स्वतः धरलं आणि चालू लागला. काका मागून पाठीला तळहात लावून होते. असं ओढत आणि ढकलत त्यांनी मला वाटेवर आणलं, आणि तिथून पुढे उरलेला सगळा डोंगर तसाच चढवला. मी फक्त पाय टाकत होतो. कुठे टाकायचे, तेही वाटाड्याच सांगत होता. "इथं. आता इथं. थो दगड नको, हालते."

दुपार टळल्यावर गडाचा दरवाजा आला. पुढे गेलेली सगळी मंडळी कमानीखाली उभी होती. मला पाहताच त्यांनी टाळ्या वाजवल्या. मोर्शीच्या बाईंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "झालं भाऊ. पुरी केली तुमी!" कोणीतरी फोटो काढला. त्या फोटोत मी हसतो आहे, असं मला नंतर दिसलं.

ताईंनी आधी माझ्या पँटकडे पाहिलं, मग काकांच्या चेहऱ्याकडे. त्यांना कळलं. त्या मला तटापाशी घेऊन गेल्या.

"सर, तेव्हा आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं होतं. तुम्हाला काय सांगायचं? की तुमच्या लिहिण्यामुळे... कोणाच्या तोंडून निघालं असतं ते? म्हणून वाटेवरच, असं सांगायचं ठरलं."

"झाड ठरवायचं राहिलं," मी म्हणालो.

त्या हसल्या आणि लगेच तोंडावर ओढणी धरून रडायला लागल्या. मी शेजारी उभा राहिलो. रडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते आमच्या घरात तिला यायचं.

चिखलदऱ्याहून गाडीने परतवाड्याला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. अमरावतीची मंडळी पुढे गेली. मला अकोल्याची बस होती. काकांचं घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. तरी ते माझ्याबरोबर बसमध्ये चढले आणि शेजारी बसले.

"तुम्ही कुठे?"

"अकोटपर्यंत येतो. तिथून वापस फिरतो."

"कशाला काका? घरी वाट पाहत असतील."

"पाहू द्या."

अंजनगाव गेलं. आम्ही बोललो नाही. त्यांनी माझी दोन पुस्तकं पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवली. बाहेर कापसाने लदलेल्या गाड्या जिनिंग कारखान्याकडे चालल्या होत्या आणि कंडक्टर कोणाशी तरी सुट्या पैशांवरून वाद घालत होता.

अकोट स्टँडवर ते उतरले. बस दहा मिनिटं थांबणार होती. ते फलाटावरून माझ्या खिडकीखाली आले आणि तिथेच उभे राहिले. चहा घेता का, असं विचारलं. मी नको म्हणालो. मग त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीची दांडी धरली.

"सर, एक गोष्ट नाल्यावर नाही सांगतली. ताईले बी नाही सांगतली."

"काय?"

"मले एक शिट्टी आयकू आली. पन मी तीस वर्सं गाडी चालवली. जुन्या गाडीचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या अंगाले राहे, केबिनीतच. माहा डावा कान गेल्यासारखाच हाये. आनि त्या वक्ताले मी चढाकडं तोंड करून होतो. नाला डाव्या बाजूले. तिनं तीन वाजवल्या असतील, सर. मले एक आयकू आली असंल."

हे त्यांनी वर्षभर एकट्याने मनात ठेवलं होतं. मी खिडकीतून हात बाहेर काढला, आणि तो त्यांनी धरला. कंडक्टरने दोनदा घंटी दिली. बस हलली तेव्हा ते हात धरून चार पावलं बरोबर चालले, मग त्यांना सोडावा लागला.